अनवाणी वस्तादांचे मोजे

“मग तुमचं म्हणणं काय, वस्ताद? धावण्यासाठी म्हणून वेगळे मोजे विकत घ्यायचे, हा नखराच की नाही?”

मुजावर वस्ताद अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालत होते. त्यांनी लुंगी झटकली, दोरीवर टाकली, तिची टोकं जुळवली.

रेवती सरनोबत पायरीवर बसून वाट बघत राहिली. ती कोल्हापूरच्या कोर्टात वकिली करायची. ज्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं, असे प्रश्न विचारायची तिला सवय होती.

आणि हे उत्तर तिला हवंच होतं.

मागच्या वर्षीच्या डोंगरी शर्यतीत तिच्या टाचेचे फोड मसाई पठारावर फुटले होते. पुढे चालवेना, तेव्हा तिला आयोजकांच्या जीपमध्ये बसावं लागलं. सोबत पळणारी मंडळी म्हणाली, “मॅडम, मोजे बदला. हे ऑफिसात घालायचे मोजे आहेत.” ते तिला झोंबलं. तिनं त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी हीच शर्यत पुरी करायची, आणि तीही ह्याच साध्या सुती मोज्यांवर.

आता शर्यत दीड महिन्यावर आली होती. वस्तादांनी एकदा तोंडानं ‘नखरा’ म्हटलं, की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. कारण पन्हाळ्याच्या पायथ्याला मुजावर वस्ताद म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी अनवाणी गड चढून बुटवाल्यांना मागे टाकणारा गडी. त्या भागातले लोक अजून ती गोष्ट पोराबाळांना सांगत.

“तुम्ही अनवाणी पळालात,” रेवती म्हणाली. “तुम्हाला कुठे लागले मोजे?”

वस्ताद बादलीत वाकले. त्यांनी एक मोजा काढून पिळला. करडा, पातळ, टाचेशी जाडसर, खास धावायचा. मग त्याचा जोडीदार काढला. दोन्ही शेजारी शेजारी चिमट्यात अडकवले.

रेवती बघतच राहिली.

“हे कुणाचे?”

“माझं.”

“तुम्ही… घालता?”

“रोज. सकाळी तळ्यापर्यंत जातो की पळत. सुती मोजा घाम पितो आन् धरून बसतो. ओली टाच घासती, मग फोड येतो. ह्यो घाम धरत न्हाई. बोटाशी शिवणबी न्हाई टोचायला. चांगली वस्तू हाय.”

“आणि ते अनवाणी पळणं?”

“बूट नव्हतं, पोरी. असतं तर घातलं असतं.”

रेवतीला हे अजिबात आवडलं नाही. इतक्या लांब ती हे ऐकायला आली नव्हती.

“पण जिंकलात ना तसेच?”

वस्तादांनी डाव्या पायातली चप्पल काढली. पायाला करंगळी नव्हती.

“दगड लागला होता?”

“फोड आला हुता. निम्म्या वाटंवर कळलं. पण लोक दुतर्फा उभं, शिट्ट्या वाजवत हुतं…” त्यांनी चप्पल परत घातली. “शर्यत जिंकलो. फोड चिघळला, बोट दवाखान्यात ऱ्हायलं.”



“मला सहन होतं, वस्ताद,” रेवती शेवटी म्हणाली. “मी फोडांना भीत नाही.”

वस्तादांनी मान डोलावली. घरात जाऊन ते कोरडा मोजा घेऊन आले.

“डाव्या पायात ह्यो घाल. उजव्यात तुझा ऱ्हाऊ दे. पठाराला वळसा घालून ये.”

ती निघाली. श्रावण होता. गवत ओलं, जांभ्या दगडाच्या खाचांत पाणी साचलेलं. पहिल्या चढालाच दोन्ही बूट भिजले. ती हटली नाही. दात आवळून तिनं अख्खं पठार पार केलं. वाटेत एक म्हैस सोडली तर चिटपाखरू भेटलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती अंगणात परतली, तीही पळतच.

“कुठला पाय दुखतोय?” वस्तादांनी विचारलं.

“कुठलाच नाही.”

वस्ताद तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी तिच्या उजव्या बुटाच्या नाडीला हात घातला.

रेवतीनं पाय झटकन मागे घेतला. “वस्ताद, पायाला हात लावू नका. तुम्ही मोठे आहात.”

“मोठा हाय तर ऐक.”

त्यांनी आधी डावा बूट काढला. मोजा दमट होता, पण टाच जशीच्या तशी होती. मग उजवा काढला. सुती मोजा टाचेला चिकटून बसला होता. वस्तादांनी कोमट पाणी मागवलं. त्यांच्या सूनबाईंनी तपेलीभर आणून दिलं. मोजा सुटला तेव्हा त्याच्यासोबत कातडीही सुटली.



“हे कवा झालं?”

“निम्म्या वाटेवर.”

“कळलं हुतं?”

“हो.”

“मग थांबली का न्हाईस? बूट काढायचा, पाय पुसायचा…”

“पूर्ण करायचं ठरवलं होतं.”

“थांबून पुरं झालं नसतं?”



वस्ताद जखमेवर पाणी सोडत राहिले. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, “पठारावर कोण बघत हुतं?”

“कुणीच नाही.”

“आन् तरीबी न्हाई थांबलीस…”

रेवती रागानं लाल झाली. तिनं पट्टी बांधून घेतली, नमस्कार केला आणि लंगडत बसथांब्याकडे गेली. बस येईपर्यंत तिचा राग वस्तादांवर होता. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तो हळूहळू स्वतःवर यायला लागला.

पुढच्या रविवारी ती दुकानात गेली आणि तसले मोजे घेतले. एक जोड नाही, दोन. सोबतच्यांनी ते पाहिले, पण कुणी चकार शब्द काढला नाही. ती आतून बोलणी ऐकायला तयार होऊन बसली होती, ती तयारी फुकट गेली. टाच भरून आली तशी ती नवे मोजे घालून पळू लागली. आधी थोडं, मग जास्त. फोड आले नाहीत. ते कबूल करणं तिला जड गेलं, पण केलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती. गड उतरून ती झपाझप पठारावर चढली. श्वास चांगला, पाय हलके. आता कोण अडवतंय, असं वाटत होतं. पुढे एक ओढा लागला. तो ओलांडताना बुटात रेती शिरली, आणि थोड्याच वेळात उजव्या टाचेत ती ओळखीची आग सुरू झाली.

म्हणजे एवढे खास मोजे घालूनही…

ती तशीच पळत राहिली. आग वाढली. मागच्या वर्षीची जीप डोळ्यांसमोर आली. तिनं वेग वाढवला. आणखी आग.

मग ती थांबली.

वाटेच्या कडेला एक बसका कातळ होता. ती त्यावर बसली, बूट काढला, मोजा काढला आणि उघडा पाय मांडीवर घेतला. तिच्यामागून माणसं येत होती. एकेक जण वळून बघत पुढे जात होता. मागच्या वर्षी मोज्यांवरून टोकणाऱ्यांपैकी एक जणही आला.

“मॅडम, सोडताय का?”

“नाही. पाय पुसतेय.”

“जीप बोलवू?”

“नको. तुम्ही पळा.”

तो गेला. रेवतीचे कान तापले. उठावं, तसंच बूट चढवून सुटावं, असं दहादा वाटलं. पण ती उठली नाही. बोटांच्या बेचक्यांतली रेती तिनं काढली. टाच कोरडी केली, पट्टी लावली. पाठीवरच्या पिशवीतला दुसरा जोड काढून घातला, बोटांशी सुरकुती राहिली नाही ना ते चाचपलं. नाडी सैल वाटली, तर सोडून पुन्हा बांधली.

आणि मगच उभी राहिली.

शेवटच्या कमानीखालून ती गेली तेव्हा आयोजक आवराआवर करत होते, पण शर्यतीची ठरलेली वेळ अजून संपली नव्हती. तिच्या गळ्यात पदक पडलं. चहाच्या टपरीपाशी वस्ताद उभे दिसले. ती सरळ त्यांच्याकडे गेली.

“पोचले, वस्ताद.”

“बघितलं.”

“मोज्यांचं तुमचं खरं निघालं. घेण्यासारखे आहेत.”

“हायेतच.”

“पण तेवढ्यानं भागलं नाही. रेती गेली आत. पठारावर बसावं लागलं मला, सगळ्यांच्या देखत. किती माणसं पुढे निघून गेली…” तिनं चहाचा पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. “तेवढं बसणं सोडलं, तर चांगली धावले ना मी?”

वस्तादांनी खाली तिच्या नीट बांधलेल्या नाडीकडे पाहिलं.

“जेवढं बसलीस, तेवढंच चांगलं धावलीस. मला ते जमलं न्हवतं.”