पातं थांबेपर्यंत

"चाचा, आज तरी बटण दाबू ना?"

ओजसने हे विचारलं तो नववा दिवस. आधीचे आठ दिवसही त्याने हेच विचारलं होतं. 'आज तरी' हे शब्द तेवढे नवे होते.

बाबालालचाचा वाळलेला भोपळा मांडीवर घेऊन आतून खरवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पिन लावलीस?"

"नाही अजून."

"मग दाब की. पाहिजे तेवढं दाब..."

ओजस हसला नाही. चाचाही हसले नाहीत.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांची जी आळी आहे, तिथलं हे चाचांचं दुकान. पुढच्या खोलीत भोपळे आणि अर्धवट सतारी. मागच्या खोलीत एका भक्कम टेबलावर लाकूड कापायचा छोटा बॅण्डसॉ बसवलेला. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून गोल फिरणारं एक लांब दातेरी पातं. मशीन शिवणयंत्राहून थोडीच उंच, त्यामुळे नव्या माणसाला ती गरीब वाटते. ती गरीब नाही. आळीतल्या दोन-तीन जणांचे हात बघितले की ते कळतं, आणि ते हात कुणी मुद्दाम दाखवत नाही.

ओजस करंदीकर पुण्याहून आलेला, चोवीस वर्षांचा, सतार वाजवणारा. चांगली वाजवायचा, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आपण वाजवायची सतार आपणच घडवायची, असं त्याच्या मनाने घेतलं. एकदा मनाने घेतलं की तो कुणाचं ऐकत नसे.

त्याला सोडायला आई आली होती. तिने राहण्याजेवणाचं काही विचारलं नाही. चाचांना बाजूला बोलावून एवढंच म्हणाली, की याचं पुढचं सगळं याच्या बोटांवर आहे, जशी आणली तशी ती मला परत द्या. चाचा लगेच हो म्हणाले.

हो म्हणाले आणि झोप घालवून बसले. शब्द देण्याआधी माणसाने निदान पाणी तरी प्यावं, तेवढाच वेळ मिळतो. चाचांनी तेवढाही घेतला नाही. त्या दिवसापासून ओजस मागच्या खोलीत गेला की त्यांचं खरवडणं थांबायचं. हातात भोपळा, कान मात्र आत.

आठ दिवस त्यांनी त्याच्याकडून एकच काम करून घेतलं. मशीन लावायची आणि सोडवायची. भिंतीतली विजेची पिन काढून पातं उतरवायचं, पुन्हा चढवायचं. दात आपल्या बाजूला आणि खालच्या दिशेने. मग ताण द्यायचा. हाताने चाक फिरवून पातं मधोमध चालतंय का ते बघायचं. पात्याच्या दोन्ही बाजूंना आधाराला गाइड असतात, तिथे कागद सरकेल एवढीच फट ठेवायची. मागचं बेअरिंग नुसतं फिरताना पात्याला लागता कामा नये, लाकूड रेटलं की लागलं पाहिजे. टेबलाला गुण्या लावून काटकोन बघायचा. सगळ्यात शेवटी वरचा गाइड खाली आणायचा, लाकडाच्या अगदी जवळ, म्हणजे नको तेवढं पातं उघडं राहत नाही.

ओजसने दुसऱ्याच दिवशी हे सगळं बिनचूक केलं. तिसऱ्या दिवशी तो हात चालवता चालवता तोंडाने म्हणूही लागला, सतारीचे पलटे घोकल्यासारखं. चाचा बघत राहिले. शाबासकीचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. खरं तर त्या बिनचूकपणाचीच त्यांना धास्ती वाटत होती, पण हे त्याला सांगायचं कसं?

चौथ्या दिवशी तो वैतागला होता.

"माझं चुकतंय कुठे, ते तरी सांगा."

"कुठंच न्हाई," चाचा म्हणाले, आणि त्यांनी पातं पुन्हा उतरवायला लावलं.

तर नववा दिवस.

चाचांनी भोपळा खाली ठेवला. हात झटकले आणि मागच्या खोलीत आले. आज नाही म्हटलं तर हा एकट्याने कधीतरी बटण दाबणार, हे त्यांना कळत होतं. ती भीती या भीतीपेक्षा मोठी होती.

त्यांनी पात्याचा ताण बघितला. चाक हाताने फिरवलं. गाइडच्या फटीत कागद घालून काढला. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. मग ते ओजसच्या हाताकडे बघत उभे राहिले.

"त्यो दोरा काढ."

ओजसच्या उजव्या मनगटावर लाल दोरा होता. त्याच्या गुरुजींनी बांधलेला गंडा. तेरा वर्षांपूर्वी त्याला शिष्य करून घेतलं तेव्हा पहिला बांधला, आणि नंतर दर गुरुपौर्णिमेला नवा. दोऱ्याची दोन्ही टोकं बोटभर लोंबत होती.

चाचांना तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. पण दुसऱ्या उस्तादाने बांधलेला गंडा सोड म्हणायचं कोणत्या तोंडाने? आठ दिवस लांबण्याचं अर्धं कारण हेच होतं. चाचा मशीनला भीत होते, तसे या दोऱ्यालाही भीत होते.

ओजस ऐकेना. टोकं आत खोचून दाखवली. वर चिकटपट्टी लावतो म्हणाला. आंघोळीलासुद्धा तो काढत नाही, गुरुजींना काय सांगू, म्हणाला. शेवटी त्याचा आवाज चढला.

"मी तुम्हाला इतका बेफिकीर वाटतो का?"

"तू न्हाईस," चाचा म्हणाले. "पर दोऱ्याला कुठं अक्कल असती?"



मग ओजसने गाठीला हात घातला. गाठ सुटायला वेळ लागला. दोऱ्याची घडी करून त्याने ती खिशात ठेवली. मनगटावर उन्हाने न रापलेला गोरा पट्टा तेवढा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि चाचांनाही काही बरं वाटत नव्हतं.

"लाव पिन."

ओजसने पिन लावली. मशीनच्या समोर, पण पात्याच्या रेषेपासून जरा बाजूला उभा राहिला. शिसवीची एक पट्टी टेबलावर ठेवली. खुंट्या करायच्या होत्या, पट्टीवर पेन्सिलीची सरळ रेघ होती. वरचा गाइड उतरवून लाकडाजवळ आणला. पात्याच्या पुढ्यात काही नाही, बाह्या वर दुमडलेल्या, ढकलायची काठी उजव्या हाताशी. सगळं जिथल्या तिथे.

त्याने बटण दाबलं.

मशीन गुणगुणायला लागली. आवाज मोठा नव्हता. पात्याचे दात दिसेनासे झाले आणि दोन गाइडांच्या मध्ये नुसती एक चकचकीत पट्टी उभी राहिली.

चाचा त्याच्या उजव्या कोपराशी उभे होते.  लाकूड पात्याला भिडलं, आवाज बदलला, शिसवीचा वास सुटला. ओजसचे दोन्ही हात रेघेच्या दोन बाजूंना, पात्यापासून लांब. तो लाकूड ढकलत नव्हता, नुसतं जाऊ देत होता. खोकला येऊ नये म्हणून चाचांनी श्वास धरला होता. पट्टीचं शेवटचं टोक राहिलं, तेव्हा ओजसने हात काढून घेतले आणि काठीने ते पुढे सारलं.

पट्टी चिरली गेली. दोन तुकडे, रेघेवर रेघ.

त्याने बटण बंद केलं. गुणगुण थांबली. बाहेरच्या खोलीतून कुणीतरी तार लावत होतं ते ऐकू यायला लागलं.

चाचांनी श्वास सोडला.

सतार वाजवून झाली की तिला उजवा हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा, ही ओजसची लहानपणापासूनची सवय. त्या आळीतही दिवसाचं काम संपलं की हत्याराला असाच हात लावून कपाळाला लावतात. त्यात आज खिशातला दोरा त्याला सलत होता. कुणाची तरी माफी मागावी असं त्याला फार वाटत होतं, आणि समोर होती ती एवढी मशीन.

त्याने डोळे मिटले, मान खाली घातली आणि नमस्काराला हात पुढे केला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

नुसतं धरलं नाही, आवळलं. ओजस कळवळून डोळे उघडून बघतो तर आपली बोटं टेबलावर, आणि पुढे दोन बोटांच्या अंतरावर पातं. उभं, चकचकीत, बिनआवाजाचं. थांबलेलं वाटावं असं.

चाचांनी दुसऱ्या हाताने ढकलायची काठी उचलली आणि तिचं टोक पात्याला लावलं.

कर्र...

काठीचं टोक टेबलावर पडलं.

मग पातं सावकाश झालं. आधी नुसती झाक दिसली, मग दात दिसायला लागले, मग एकेक दात मोजता येईल इतकं हळू झालं, आणि शेवटी खरोखर थांबलं.

"बटण बंद केलं होतं मी," ओजस पुटपुटला.

"तू केलंवतंस," चाचा म्हणाले. "तिनं कुठं केलंवतं?"

मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. सोडायचं लक्षातच नव्हतं.  मग ते त्याला ओढत खिडकीच्या उजेडात घेऊन गेले. तळवा उघडायला लावला आणि पाचही बोटं एकेक करून दाबून बघितली. तारा छेडायची नखी ज्या बोटात चढवतात, ते बोट त्यांनी दोनदा बघितलं. खरचटलेलंसुद्धा नव्हतं. तरी त्यांचा विश्वास बसेना.

ते स्टुलावर बसले. ओजसने माठातलं पाणी आणून दिलं. पिताना अर्धं चाचांच्या सदऱ्यावर सांडलं.

ओजसला भरून आलं होतं. एवढा म्हातारा माणूस आपल्यापायी असा पांढराफटक पडलेला त्याला बघवेना, आणि त्याहीपेक्षा आपण चुकलो हे त्याला सोसेना. आठ दिवस एकही चूक नाही, आणि झाली ती नमस्कार करताना. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं असतं, असं तो स्वतःशीच बोलला. मग त्याने डोळे पुसले, शिसवीची दुसरी पट्टी उचलली आणि टेबलापाशी जाऊन उभा राहिला. आत्ताच्या आत्ता परत करून दाखवायचं होतं त्याला.

चाचा बघत होते.

"आता समजलं मला, चाचा," ओजस म्हणाला. "पातं थांबेपर्यंत हात पुढे करणार नाही. पुन्हा असं होणार नाही. शपथ घेतो."

चाचांनी सदऱ्यावरचं पाणी झटकलं.

"खरंच सांगतो. पुन्हा कधीच होणार नाही."

चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांनी भिंतीतली पिन ओढून काढली. वायर मशीनपासूनही सोडवली, सावकाश गुंडाळली आणि काखेत मारली.

"मग आज ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

ओजसच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"आणि उद्या?"

चाचा दारापर्यंत गेले. तिथे उंबऱ्याशी थांबले. वळून बघितलं नाही.

"पुन्हा होईल असं वाटाया लागलं," ते म्हणाले, "की ये."