झटकलेला पारा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शेवंताच्या जुन्या व्हॅनमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला. जगदाळेशेठच्या दुकानातून तिने गाडीला जोडून तो दिवा विझवणारं, घरी वापरायचं स्कॅनर-यंत्र आणलं. बटण दाबलं, दिवा विझला. चौथ्या दिवशी तापाने फणफणलेल्या लेकीला दवाखान्यात नेताना घाटात इंजिन जळालं. भर उन्हात दोन तास पोर मांडीवर कण्हत राहिली.

लेक बरी झाली, व्हॅन भंगारात गेली. दवाखान्यातून उरलेली औषधं घेऊन येताना शेवंता यंत्र परत द्यायला दुकानात शिरली, तर शेठ एका गिऱ्हाइकाला तसलंच यंत्र विकत होते.

"दिवा विझला की बिघाड गेला! काय वहिनी, तुमचा विझला ना?"

"विझला की."

"बघा! सातवी शिकलेल्या बाईलाही जमलं!"

शेवंताने औषधांच्या पिशवीतून लेकीचा पाऱ्याचा थर्मामीटर काढला आणि शेठच्या नाकासमोर जोरात झटकला.

"शेठ, पारा उतरला. आता सांगा, पोरीचा तापही उतरला का?"

गिऱ्हाइकाने यंत्र खाली ठेवलं. "मला बिघाड काय आहे ते सांगणारं दाखवा."

शेवंताला मात्र हसू आलं नाही. लेकीच्या दर आजारपणात ती तो थर्मामीटर दिवसातून चारदा झटकत आली होती. हेच तिला त्या मंगळवारी का सुचलं नाही?

तर बायांनो, यंत्र घ्याल ते बिघाड वाचून दाखवणारं घ्या, आणि वाचल्याशिवाय दिवा विझवू नका. एवढं शेजारणीलाही सांगा.