वैशाखातली काठी

करवंदी नदीच्या खोऱ्यात एकाच पाटाच्या पाण्यावर पाच गावं नांदत होती. पाळीपाळीनं प्रत्येक गावाला पाणी सोडायचं काम भिवसन पाटकऱ्याकडे होतं. त्याची एकुलती लेक सारजा पाटाच्या अगदी शेवटच्या गावात, शेवाळीत दिली होती.

खोऱ्याचा एक रिवाज होता. नारळी पौर्णिमेला देशमुख नदीची ओटी भरत आणि खाचा पाडलेली काठी बंधाऱ्यापाशी पाण्यात उभी करत. काठी जितकी भिजे, तितकं वर्षाचं पाणी धरायचं. आता श्रावणात नदी मोजणं म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून घरची चूल जोखणं! पण ढोल वाजत, खोबरं वाटलं जाई आणि सगळे खुशीत घरी जात.

भिवसनची स्वतःची एक काठी होती. ती तो दर अक्षय्य तृतीयेला पाण्यात घाली आणि चाकूनं खूण करी. वीस वर्षांच्या वीस खुणा खाली खाली उतरत आल्या होत्या.

एके वर्षी हैबतराव देशमुखांनी पाटाच्या तोंडाशी दोन नवी गावं वसवायचं आणि माळभर ऊस लावायचं मनावर घेतलं. पौर्णिमेला रिवाजाची काठी वरच्या खाचेपर्यंत भिजली. देशमुखांनी भर सभेत विचारलं, "भिवसन, पाणी पुरेल ना?"

भिवसन चाचरला. "धनी, सरावणात नदी भरल्यालीच दिसती. वैशाखात बघा. आन् आज पाळण्यात हाईत ती पोरंबी उद्या पानी मागत्याल."

"वैशाखाची मोजणी आहे तुझ्याकडे?"

काठी घरी आढ्याला खोचलेली होती. आणायला शंभर पावलं चालायचं होतं. पण देशमुखांच्या हातात त्याच्यासाठी आणलेला मानाचा फेटा होता. भिवसननं फेट्याकडे पाहिलं.

"न्हाई, धनी. पुरंल पानी," तो म्हणाला आणि मान पुढे केली. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता, आणि थोडा हौशी. खोऱ्याचं वाटोळं व्हायला तेवढं बास झालं.

गावं वसली, ऊस वाढला, घरोघरी पाळणे हलले. सहाव्या वर्षी वैशाखात पाणी शेवाळीच्या अलीकडच्या गावापुढं सरकेना. भिवसन उसाकडं पाणी नेणारी पाटाची दारं बंद करायला धावला. देशमुखांची माणसं आडवी आली. "तूच तर म्हणालास, पुरंल!" भिवसन माघारी फिरला.

शेवाळीच्या विहिरी आटल्या. डबक्यातलं पाणी पिऊन सारजाची तीन वर्षांची पोर दगावली. मग गाव घरदार सोडून उठलं. डोक्यावर बोचकं घेऊन सारजा बापाच्या दारात टेकली. भिवसननं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिची नजर आढ्याला खोचलेल्या काठीकडे गेली. लहानपणी बापाशेजारी बसून तिनंही त्या काठीवर खुणा केल्या होत्या.

"आबा, त्या दिवशी सभेत ही काठी दावली हुती का?"

भिवसननं मान खाली घातली.

सारजानं भरलेला तांब्या तसाच उंबऱ्यावर ठेवला. बोचकं उचललं आणि गावकऱ्यांच्या मागे चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

तात्पर्य: नदीचा हिशेब तिच्या भरल्या दिवसावरून नव्हे, आटल्या दिवसावरून करावा आणि उद्याची तोंडंही त्यात धरावीत. ज्याला उणीव ठाऊक आहे त्यानं ती वेळेवर बोलून दाखवावी. तो गप्प बसला, तर तहानेनं दुसऱ्याचाच जीव जातो.