भट्टी, चुना आणि पिंपळ

लोक पिंपळालाही बेधडक कुऱ्हाड लावत, तेव्हाची गोष्ट. एका चुनभट्टीभोवतीची सगळी झाडं सरपणात गेली होती. एक पिंपळ तेवढा उरला होता आणि आज त्याची पाळी होती. "झाडं खातेस आणि हवाही बिघडवतेस," तो भट्टीला म्हणाला.

"एवढं काय मनाला लावून घेतोस?" भट्टी म्हणाली. "चुनखडी भाजताना तिच्यातला वायू मी सोडते खरी. पण भिंतीवरचा चुना तोच वायू परत ओढून घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. माझ्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही रे!"

पिंपळाला राहवेना. समोरच्या नव्या भिंतीवर चुना वाळत होता. "चुनेभाऊ, हे खरं का?"

"अर्धं खरं," चुना म्हणाला. "माझ्यातून गेलेला वायू मी हळूहळू परत घेतोय. पण भट्टीबाईंनी जाळलेल्या लाकडांचा वायू कुठे ठेवू? माझ्यात माझ्यापुरतीच जागा."

"मग तो कोण घेणार?"

"तो झाडांनीच घ्यायचा."

कुऱ्हाड घेऊन आलेला धर्माप्पा हे सगळं ऐकत होता. त्यानं चहूकडे झाडं शोधली. एकच दिसलं.

"तू राहा रे बाबा," असं म्हणून त्यानं पिंपळाला हात जोडले आणि लाकडं तोडायला तो पलीकडच्या रानात गेला.

तेव्हापासून पिंपळाला कोणी तोडत नाही. पण वारा पडला तरी त्याची पानं सळसळतच असतात. भट्टी अजून पेटलेली आहे, आणि तिचा वायू घेणारा इथे तो एकटा.