दिव्याला अर्थ मिळेना

एकदा एक लाल, दोघांपुरती, जुन्या काळातली शर्यतीची मोटार दिव्यांवाचून अडून बसली. सोलापुरातल्या एका चादरीच्या व्यापाऱ्याने ती हौसेने विकत घेतली होती. हौशी माणसे करतात तेच त्यानेही केले. आधी घेतली, आणि मग तिच्यात काय काय बिघडले आहे याची चौकशी केली. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, दिव्यांच्या वाट्या गंजलेल्या, पत्र्याचा रंग पोपडे धरून उडालेला. शेवटी ती ओढत आणून त्याने वस्तादांच्या कारखान्यात सोडली.

वस्ताद वयोवृद्ध होते. जुन्या गाड्यांची वीज हा त्यांचा विषय. त्यांचे खरे नाव एव्हाना लोक विसरले होते, आणि त्याचे त्यांना काही वाटत नव्हते. सिद्राम हा त्यांचा शिष्य, मिसरूड फुटण्याआधीपासून त्यांच्या हाताखाली घडलेला आणि आता चाळिशीला टेकलेला. मोटार वस्तादांनी त्याच्यावर सोपवली आणि म्हणाले, "सगळी तू कर. मी हात लावणार नाही."

सिद्रामाच्या कामात खोट काढायला जागा नसे. स्वभावातही नव्हती म्हणा, एक सोडून. त्याला कुणाचे काही घेणे जमत नसे. शेजाऱ्याने चहा पुढे केला तर "आत्ताच झाला" म्हणायचा. कुणी हातभार लावू पाहिला तर "असू दे, मी करतो." आणि फारच आग्रह झाला तर त्याचे ठरलेले वाक्य यायचे, "मला कुणाचं काही नको." लोक त्याला मानी म्हणत. हा शब्द त्याला भारी गोड लागे, हेही इथे सांगून टाकलेले बरे.

आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला, महांतेशला, त्यानेच वाढवले. स्वतः शाळा सोडली, त्याला शिकवले, त्याचे लग्न लावून दिले. महांतेश आता पुण्याला एका महाविद्यालयात शिकवत होता. त्याने तिथे घर बांधले होते, आणि वास्तुशांतीचे आमंत्रण द्यायला तो त्या दिवशी सकाळीच कारखान्यात आला.

"अण्णा, पूजेच्या आदल्या दिवशी ये. तुझ्यासाठी वेगळी खोली केलीय. खिडकी पूर्वेला आहे."

"कशाला रे एवढं? मी इथं बरा आहे."

"बरं, निदान हे तरी घे. शेंगापोळ्या आहेत. हिनं काल पहाटे उठून केल्यात, खास तुझ्यासाठी."

महांतेशने डबा पुढे केला. सिद्रामाने हातातल्या वायरीवरून नजरही उचलली नाही. "माझं जेवण झालंय," तो म्हणाला. सकाळचे नऊ वाजले होते. खोटे बोलायचे तर निदान वेळ तरी पाहावी! "तू सुखी राहा म्हणजे झालं. मला कुणाचं काही नको."

महांतेशचा हात तसाच राहिला. मग त्याने डबा पिशवीत परत ठेवला.

"कुणाचं म्हणजे? मी कोण आहे रे अण्णा? तू मला जन्मभर धाकटाच ठेवलंस. खोली नको, पोळी नको. मागं धोतरजोडी आणली होती, तीही परत पाठवलीस. दर वेळी दारातून तोंड पाडून जायचं, आता होत नाही माझ्याच्यानं. मावशीकडं आहे. संध्याकाळची गाडी आहे. आलास स्टँडवर तर आलास. नाहीतर मी काही पुन्हा येत नाही."

तो निघून गेला. सिद्रामाला वाईट वाटले, रागही आला. एवढे करून वर हेच ऐकायचे का? एवढे शिकवले ते याला बोलायला जीभ फुटावी म्हणून? तो पुन्हा कामाला लागला. कामात तरी कुणी प्रश्न विचारत नाही, असे त्याला वाटत असावे.

काम मात्र पुरे होत आले होते. बोनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत त्याने नवी वायर ओढली होती. दिव्यांच्या वाट्या घासून, अस्तर देऊन, तांबडा रंग चढवून चकचकीत केल्या होत्या. दिसते तिथे रंग, दिसत नाही तिथेही रंग. स्क्रूच्या भोकाच्या आतसुद्धा त्याने बारीक कुंचल्याने हात फिरवला होता. असा नेटकेपणा हल्ली बघायला मिळत नाही.

दुपारी त्याने बटण ओढले. पुढचे दिवे लागले नाहीत. नीट पाहिल्यावर आत तारेपुरती मेलेली लाली दिसली, एवढेच. त्याने बल्ब बदलले. फ्यूज पाहिला. चाचणीच्या छोट्या दिव्याचे एक टोक बॅटरीला जोडून दुसरे वायरीला लावले, तर तो लख्ख पेटला.

"वस्ताद, करंट बल्बपर्यंत येतोय, आणि दिवा लागत नाही. काय करावं?"

वस्ताद उठले. त्यांनी दिव्याची वाटी सोडवली, खिशातून जाड पॉलिश पेपर काढला आणि वाटी जिथे स्क्रूने पत्र्याला टेकते, नेमका तिथला रंग खरवडायला सुरुवात केली.

"अहो वस्ताद! काय करालाय! कालच वाळलाय तो रंग!"

वस्ताद खरवडत राहिले. तांबडी भुकटी त्यांच्या धोतरावर पडली. बोटाएवढी जागा पांढरी लख्ख झाली, तेव्हा त्यांनी वाटी परत बसवली, स्क्रू आवळला, दुसऱ्या दिव्यालाही तेच केले आणि म्हणाले, "ओढ बटण."

दोन्ही दिवे झगझगीत पेटले. समोरच्या भिंतीवर टांगलेले पान्हे न् पान्हे दिसू लागले.

दिव्यातून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यावरून बॅटरीकडे परत जाते. त्या परतीच्या जोडाला कारखान्यातली माणसे 'अर्थ' म्हणतात. इंग्रजीतून आलेला साधा शब्द, पण आपल्या भाषेत येऊन तो भलताच शहाणा झाला आहे.

"अर्थ मिळत नव्हता," सिद्राम ओशाळून म्हणाला. "मला सुचायला पाहिजे होतं."

"सुचलं नाही, कारण तू फक्त पोचवायचं बघतोस." वस्ताद स्टुलावर बसले. "करंट आला म्हणून दिवा लागत नाही, सिद्राम. आलेला करंट त्याला परत पाठवता आला, तर लागतो. तू वायर चांगली ओढलीस, बल्ब चांगला बसवलास, आणि परत जायची जागा रंगवून टाकलीस. मग दिव्यानं काय करावं? सकाळी तुझा भाऊ आला तेव्हा मी दुसऱ्या गाडीच्या बोनेटखाली होतो, बहिरा नव्हतो. त्याला काही कमी पडू दिलं नाहीस तू. पण तो परत द्यायला आला की तुझा रंग आडवा येतो. तुला वाटतं, हा आपला मानीपणा. तो बिचारा तिकडं मिणमिणतोय, ते दिसत नाही तुला."

नऊ वाजताचे ते जेवण सिद्रामाला आठवले आणि कान गरम झाले. त्याने विचारले, "ही जागा अशी उघडी ठेवली तर गंजेल की."

"गंजेल. म्हणून अधूनमधून बघायचं, पुसायचं, ग्रीसचं बोट लावायचं. काळजी घ्यावी लागते उघड्या जागेची. झाकून टाकणं सोपं असतं."

सिद्रामाने घड्याळाकडे पाहिले. हात पुसायलाही तो थांबला नाही.

स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. महांतेश खिडकीशी बसला होता, पिशवी मांडीवर. काळ्या हातांचा भाऊ धावत येताना पाहून तो खाली उतरला. दोघे समोरासमोर उभे राहिले. सिद्रामाने वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती, निघाले भलतेच.

"भूक लागलीय रे," तो म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नाही."

महांतेशने डबा उघडला. अण्णाचे हात तेलकट होते, म्हणून त्याने स्वतःच पोळीचा तुकडा मोडून, लहान मुलाला भरवावे तसा, त्याच्या तोंडात घातला. सिद्रामाला रडू आवरेना, आणि खाणेही थांबवता येईना. वाहक आत चढला, घंटी वाजली.

पोळी संपली. सिद्रामाने तोंड पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच आणखी एक मागितली.