मास्तरांचा भोपळा

प्राणी सायकलीवरून बाजाराला जात, तेव्हाची ही गोष्ट. पाणमांजर मास्तर साऱ्या रानाला पोहायला शिकवायचे. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे, विहिरीत ढकलून द्यायचे आणि काठावरून ओरडायचे, "घाबरतोस काय लेका!"

उतारवयात त्यांचे गुडघे दुखायला लागले. रोज तीन विहिरींवर चालत जाणं जमेना, म्हणून मास्तर सायकल शिकायला निघाले. शिकवायला आली सुंदरा वानरीण, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

बोरीच्या झाडाखाली सायकलवर बसले मात्र, मास्तरांची शेपटी ताठ झाली. "सीट सोडू नकोस हं, सुंदरा!"

"धरलीय, मास्तर."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही हातांनी. वर शेपटीनंसुद्धा."

मास्तर पॅडल मारत निघाले. बांध गेला, देऊळ गेलं. "धरलीयस ना?" त्यांनी विचारलं. उत्तर येईना, म्हणून वळून पाहिलं, तर सुंदरा लांब तिथेच बोरीखाली बसून बोरं खात होती. मास्तर थेट शेणाच्या ढिगात!

सुंदरा धावत आली.

"फसवलंस मला!" मास्तर कडाडले.

"मास्तर, तिसऱ्या दिवशी माझा भोपळा तुम्ही गुपचूप सोडला होतात. अर्धी विहीर पोहून झाल्यावर सांगितलंत."

मास्तरांनी मिशांवरचं शेण पुसलं. मागे वळून बोरीपर्यंतचा रस्ता नीट पाहिला. मग सायकल उभी केली.

"बरं, धर पुन्हा," ते म्हणाले. "आणि सोडशील तेव्हा सांगू नकोस."