जामखोरीच्या चर्चला तीनच भिंती

सातपुड्याच्या पायथ्याशी जामखोरी गावात लुथरन मंडळीचं चर्च आहे. त्याला भिंती तीनच. पश्चिमेची बाजू सताड उघडी, समोर मोहाचं झाड. पाऊस तिरका आला की बाकं आत ओढावी लागतात. बांधकाम अर्धवट का राहिलं, असं पाहुणे हमखास विचारतात. तेव्हा मंडळीतले वृद्ध सिलास मास्तर म्हणतात, "राहिलं नाही, पाडलंय." आणि सांगू लागतात.

हे चर्च याकोब बनसोड नावाच्या गवंड्यानं बांधलं. तो मंडळीचा पंचही होता. त्या काळी महारोग्यांना आत यायची बंदी होती. त्यांनी मोहाखाली बसून उपासना ऐकायची. नियम पंचांचा, म्हणजे याकोबचाही. चर्च पुरं झालं त्याच वर्षी त्याच्या बायकोच्या, तबिथाच्या हातावर बधिर चट्टा उठला. ती मुकाट्यानं ओढ्यापलीकडच्या रोग्यांच्या झोपड्यांत राहायला गेली आणि रविवारी मोहाखाली बसू लागली.

तेव्हापासून याकोबला आत बसवेना. भर उपासनेत तो उठे, दारापर्यंत जाई, परत येई. गीत सुरू झालं की बाहेरून तबिथाचा आवाज येई आणि त्यासरशी पश्चिमेच्या भिंतीला तडा जाई म्हणे. याकोब तो चुन्यानं बुजवी. पुढच्या रविवारी तडा पुन्हा उघडे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तो ओढ्यापलीकडे गेला. "घरी चल."

"घरी येऊन काय करू?" तबिथा म्हणाली. "मला चर्चात बसायचंय, सगळ्यांत."

"पंच ऐकायचे नाहीत."

"आणि तुम्ही कोण?"

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांत फिरण्याआधी, याकोब पहार घेऊन उभा राहिला. भिंतीजवळच्या आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना त्यानं दूर केलं आणि घाव घातला. बायका किंचाळल्या. एका पंचानं त्याचा हात धरला. "देवाचं घर पाडतोस?"

"मी बांधलेलं पाडतोय," याकोब म्हणाला.

छप्पर सागाच्या खांबांवर होतं, ते राहिलं. भिंत मात्र जागच्या जागी खाली बसली. कुणाला एक वीट लागली नाही, असं सांगतात.  उपासना चालवणारे पाळक साबळे प्याला घेऊन ढिगावरून पलीकडे गेले आणि आधी तबिथाला दिला.

निम्मी मंडळी उठून गेली. कितीतरी जण परत आलेच नाहीत. याकोबचं पंचपद गेलं. राहिलेल्या बायकांनी मात्र त्याच विटांचा ओटा बांधला, रोग्यांच्या जखमा धुवायला. पुढे तिथं दवाखाना उभा राहिला. तबिथा शेवटपर्यंत याकोबशेजारी बसली. पण तो काही स्वस्थ झाला नाही. मध्येच उठून बाहेर कुणी उभं आहे का, ते बघून येई.

भिंत बांधून घ्या, असं तरुण पोरं दरवर्षी म्हणतात, आणि दरवर्षी जुंपते. आजही प्याला फिरण्याआधी एक पंच उठून मोहाखाली जाऊन येतो. गेल्या ईस्टरला तिथं तुरुंगातून सुटून आलेला माणूस उभा होता. त्याला आत घ्यायचं की नाही, यावरून मंडळीत नुसती रणधुमाळी माजली. आता तो दुसऱ्या बाकावर बसतो.